कवळीवाल्या काकांची बोटं

कामाच्या ठिकाणी बोर्डावर कसली यादी लागली की आपण काय करतो? स्वतःचं नाव शोधतो? छे! ज्याचं नाव आपल्या वर नसावं असं मनातून वाटत असतं, त्याचं नाव आधी शोधतो. कॅन्सर रुग्णालयातल्या केमो वॉर्डाच्या थोरल्या सिस्टरांनी त्या सोमवारी सकाळी नेमकं तेच केलं. शोधायचे कष्टही पडले नाहीत. ते नाव पहिलंच होतं.

गप्पी. पाचापैकी चार पूर्णांक आठ.

कागदावर अर्थातच तिचं खरं नाव छापलेलं होतं. पण अख्खा वॉर्ड तिला गप्पी म्हणायचा, तेव्हा आपणही तेच म्हणू. नोकरीला लागून जेमतेम चार वर्षं झालेली पोरगी. आणि थोरल्या सिस्टर? तेवीस वर्षं! त्यांचं बोट यादीवरून खाली खाली घसरत गेलं आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबलं. दोन पूर्णांक चार. त्यांच्या खाली एकच नाव होतं, आणि ती सिस्टर पाहणीच्या तीन महिन्यांतले दोन महिने बाळंतपणाच्या रजेवर होती.

थोरल्या सिस्टरांच्या कानांतून वाफा निघाल्या.

ही यादी होती रुग्णालयाने केलेल्या पाहणीची. मेट्रनबाईंनी तीन महिने पेशंटना एक प्रश्नावली भरायला दिली होती. प्रश्न साधेच. सिस्टरांनी तुमचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं का? तुमचं घर, तुमचं काम, तुमच्या अडचणी विचारल्या का? पुढे काय होणार आहे ते तुम्हाला समजेल असं सांगितलं का? भीती वाटली तेव्हा त्यांच्याशी बोलता आलं का? प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण.

"शीर एका टोच्यात सापडली का, हा प्रश्न कुठंय?" थोरल्या सिस्टर स्वतःशीच पुटपुटल्या. "औषधाच्या बाटलीवरचं नाव दोनदा तपासलं का, हा कुठंय?"

आणि त्यांचं तरी काय चुकलं? केमोच्या औषधांनी पेशंटच्या शिरा सुकतात, लपतात, सुई लागली की सरकतात. त्या शिरा थोरल्या सिस्टरांना मात्र बोटाने सापडायच्या. एक टोचा, काम खलास. जुने पेशंट त्यांना कौतुकाने 'एकटोच सिस्टर' म्हणायचे. तेवीस वर्षांत त्यांच्या हातून चुकीची बाटली एकदाही लागली नव्हती. वॉर्डातल्या आठही खुर्च्या, आठही सलाईनचे स्टँड, आठही फाईली कशा ओळीत! आणि ही गप्पी? तिला एक शीर शोधायला तीन टोचे लागायचे. पेशंटच्या बाजूला स्टूल ओढून बसायची आणि गप्पा छाटायची. आठ नंबरच्या आजींच्या मांजराला किती पिल्लं झाली, हे तिला तोंडपाठ! तिला चार पूर्णांक आठ?

"गोड बोलून गुण मिळवलेत झालं," असं त्या तीन जणींपाशी तीन वेळा म्हणाल्या. तिघींनी माना डोलावल्या, पण हव्या तितक्या जोरात नाही.

संध्याकाळी घरी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान भाजी निवडत होते. ते सरळपणे म्हणाले, "मग चांगलंच झालं की! तुझ्याच हाताखाली तयार झाली ना ती?"

"माझ्या हाताखाली? मी तिला शिरा शोधायला शिकवलं, गप्पा मारायला नाही!"

यजमानांनी भाजीत मान घातली ती पुन्हा वर काढली नाही.

त्या दिवसापासून थोरल्या सिस्टरांना एक नवंच काम लागलं. गप्पीकडे बघत राहणं. ती वॉर्डात शिरली की कोण कोण मान वळवतं, ती हसली की कोण हसतं, डॉक्टर तिच्याशी किती मिनिटं बोलले, सगळ्याची नोंद मनात. एखादा पेशंट सहज म्हणाला, "आज गप्पी सिस्टर नाहीत वाटतं?" की त्यांच्या काळजात सुई जायची, आणि तीही एका टोच्यात नाही. घरी जेवताना, बसमध्ये उभं असताना, कपड्यांच्या घड्या घालताना गप्पी डोळ्यांपुढे यायची आणि चार पूर्णांक आठ वेळा हसायची.

मग एक दिवस त्यांनी ठरवलं. एवढंच ना? बोलायचंच ना? त्यात काय मोठं!

त्यांनी प्रश्नावलीतले प्रश्न पाठ केले. तीन नंबरच्या खुर्चीवर शाळेतले एक हेडमास्तर होते. त्यांच्यासमोर त्या ताठ उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणाल्या, "घरी कोण कोण असतं? झोप लागते का? कसली भीती वाटते का? मनात काही असेल तर मोकळेपणाने सांगा."

हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. दोन महिने या बाई 'मूठ आवळा' आणि 'मूठ सोडा' यापलीकडे एक शब्द बोलल्या नव्हत्या. ते चाचरत म्हणाले, "सिस्टर... माझा रिपोर्ट वाईट आलाय का?"

पलीकडच्या खुर्चीशी बसलेल्या गप्पीने ओठ दाबून हसू आवरलं. निदान थोरल्या सिस्टरांना तसं वाटलं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. या पोरीला आपण जमिनीवर आणलं नाही तर!

संधी लवकरच आली.

गप्पीने एक खूळ काढलं होतं. प्रत्येक फाईलमध्ये एक पिवळा कागद लावायचा. वर मथळा, 'माझ्याबद्दल'. पेशंटने आपल्याविषयी जे सांगावंसं वाटेल ते सांगायचं आणि तिने ते लिहून घ्यायचं. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, काम काय करता, कशाची काळजी वाटते, कशाने बरं वाटतं. डॉक्टरांनी एकदा एक कागद वाचला आणि जाता जाता म्हणाले, "छान कल्पना आहे हं!" झालं! त्या 'हं'ने थोरल्या सिस्टरांचं दोन दिवसांचं जेवण कडू केलं.

पुढच्याच आठवड्यात बाहेरची तपासणी समिती येणार होती. थोरल्या सिस्टरांनी फर्मान काढलं, "फाईलमध्ये छापील फॉर्मशिवाय काहीही नको. हे पिवळे कागद काढ सगळे."

"सिस्टर, तपासणी झाल्यावर परत लावू ना?" गप्पीने विचारलं.

"बघू."

कागद थोरल्या सिस्टरांच्या टेबलाच्या खणात गेले. तपासणी झाली, समिती चहा पिऊन गेली, कागद खणातच राहिले. आणि नव्या महिन्याची ड्युटीची यादी लागली, त्यात गप्पीची रवानगी सहा आठवड्यांसाठी तळमजल्यावर, नावनोंदणीच्या खिडकीवर! "तिथे गर्दी असते. गोड बोलणारं माणूस लागतं," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. बोलताना त्यांना जे सुख झालं ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

गप्पी वाद घालणाऱ्यांतली नव्हती. वॉर्ड सोडताना मात्र ती टेबलापाशी थांबली. "सिस्टर, एक काम होतं. कवळीवाल्या काकांच्या कागदावर मी एक गोष्ट लिहिलीय. त्यांच्या पुढच्या डोसाआधी तेवढी डॉक्टरांना दाखवाल? महत्त्वाचं आहे."

"माझ्या वॉर्डात महत्त्वाचं काय ते मला कळतं," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "तू तुझी खिडकी सांभाळ."

हे कवळीवाले काका म्हणजे बासष्ट वर्षांचे एक शांत गृहस्थ. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या तयार करून द्यायचे. चाळीस वर्षं हाच धंदा. आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, आता केमो चालू. चार डोस झाले होते, पाचवा जवळ आला होता. ते यायचे तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत न बघता दातांकडे बघायचे, म्हणून गप्पी त्यांना चिडवायची. "काका, माझे बत्तीसच्या बत्तीस माझेच आहेत हो!"

पाचव्या डोसाच्या दिवशी काका खुर्चीवर बसले आणि दाराकडे बघत राहिले.

"गप्पी सिस्टर नाहीत?"

पुन्हा तेच! थोरल्या सिस्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा जरा जास्तच आवळला. "त्यांची बदली झाली. मूठ आवळा. काही त्रास?"

पेन आधीच 'नाही'च्या चौकटीवर टेकलेलं होतं. काकांनी ते पेन पाहिलं. सिस्टरांचा चेहरा पाहिला. ओठ हलले आणि मिटले.

"तसं काही... नाही."

चौकटीत बरोबरची खूण झाली. खणात पिवळा कागद आहे हे थोरल्या सिस्टरांना आठवलं नाही असं नाही. आठवलं होतं. पण तो गप्पीचा कागद होता, गप्पीच्या अक्षरातला. तो उघडून डॉक्टरांपुढे धरायचा म्हणजे 'छान कल्पना आहे हं' पुन्हा ऐकायचं. त्यांनी हात खणाकडे नेला नाही. शीर एका टोच्यात सापडली. औषध थेंब थेंब आत गेलं.

तीन आठवड्यांनी काका सहाव्या डोसासाठी आले ते उजव्या हाताला जाड बँडेज बांधून. सोबत काकू. काकू आजवर कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या; आज त्यांचा आवाज सगळ्या वॉर्डात ऐकू गेला.

"यांचं बोट जळलं, डॉक्टर! मेण तापवायच्या दिव्यावर बोट होतं आणि यांना पत्ताच नाही! हे आपले मेणाकडे बघतायत. जळल्याचा वास आला म्हणून मी आतून धावत आले, नाहीतर... अहो, महिन्यापूर्वीच सांगितलं होतं ना! गार पाण्याला हात लागला की यांना वीज बसल्यासारखं होतं, बोटांना मुंग्या येतात, शर्टाचं बटण लागत नाही. गप्पी सिस्टरांनी सगळं लिहून घेतलं होतं!"

डॉक्टर चमकले. या औषधाने हातापायांच्या नसांवर परिणाम होतो, आणि तो वेळीच कळला तर डोस कमी करता येतो, औषध थांबवताही येतं. नाही कळला तर बधिरपणा वाढत जातो. त्यांनी फाईल भराभर उलटली. "त्रास : नाही." खाली थोरल्या सिस्टरांची सही.

"काका, तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

काकांनी मान खाली घातली. "वाटलं, तुम्ही औषध बंद कराल. मग आजार परत येईल. गप्पी सिस्टर म्हणाल्या होत्या, मी तुमच्या बाजूला उभी राहते, आपण दोघं मिळून डॉक्टरांना सांगू."

गप्पीला खालून बोलावलं. ती धापा टाकत आली, बँडेज बघून जागच्या जागी थिजली.

"कागद कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तपासणीच्या वेळी काढले होते सगळे..."

"मग तोंडी का नाही सांगितलंस कोणाला?"

गप्पीने एकदा थोरल्या सिस्टरांकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, "चुकलं माझं. मी स्वतः वर येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं."

"नुसत्या गप्पा मारून काय उपयोग मग!" डॉक्टर संतापाने म्हणाले.

हेच, अगदी हेच वाक्य कोणीतरी या पोरीला ऐकवावं म्हणून थोरल्या सिस्टर दोन महिने तळमळत होत्या! आणि खोटं कशाला सांगा, ते ऐकून एक क्षण त्यांच्या आत काहीतरी सुखावलंसुद्धा. पण तो एकच क्षण. कारण तेवढ्यात काकांनी पाण्याचा पेला उचलायला डावा हात पुढे केला आणि पेला बोटांतून सटकून खाली पडला. काका ओल्या फरशीकडे बघत राहिले. ओशाळून म्हणाले, "माफ करा हं, सिस्टर."

माफ करा! आणि हे कोण म्हणतंय कोणाला!

थोरल्या सिस्टर टेबलापाशी गेल्या. खण ओढला. वरचाच कागद काकांचा होता. गप्पीचं घाईचं तिरकं अक्षर. "बोटांच्या टोकांना मुंग्या व बधिरपणा. कवळीची कड टोचेल का हे बोट फिरवून कळतं, ते आता कळेनासं झालंय. डॉक्टरांना सांगायला घाबरतात. पाचव्या डोसाआधी नक्की बोलणे." 'नक्की'खाली दोन रेघा. आणि त्याखाली शेवटची ओळ, "शिरेसाठी थोरल्या सिस्टरनाच विनंती करणे. त्यांनी टोचलं तर दुखत नाही, म्हणतात."

तो कागद हातात घेऊन त्या परत आल्या. त्यांनी तो उघडून डॉक्टरांपुढे धरला.

"डॉक्टर, तिचं काही चुकलेलं नाही! कागद माझ्या खणात होता. तिने मला जाताना बजावलंही होतं. मी मुद्दाम बघितला नाही!"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

डॉक्टरांनी ते औषध त्याच दिवशी बंद केलं. दुसऱ्या औषधावर उपचार पूर्ण करता येतील, असं काकांना नीट समजावून सांगितलं. बोटांचं मात्र ते खात्रीने काही सांगू शकले नाहीत. काही महिने जातील. थोडी संवेदना परत येईल, कदाचित सगळी नाही.

दुपारी मेट्रनबाईंच्या खोलीत थोरल्या सिस्टर उभ्या राहिल्या. मेट्रनबाईंनी घडलेल्या चुकीची रीतसर नोंद केली, वॉर्डाची जबाबदारी तीन महिन्यांसाठी काढून घेतली. मग चष्मा काढून विचारलं, "तू अशी नव्हतीस. झालं काय तुला?"

"मला तिचा मत्सर वाटत होता, मॅडम." शब्द सुईसारखे टोचले, पण एकदा निघाले आणि श्वास मोकळा झाला. "त्या यादीपासून. ती दिसली की पोटात दुखायचं माझ्या. पेशंट तिची वाट बघायचे, माझी कोणी बघत नव्हतं."

"यादी नावं घालून बोर्डावर लावली, ती चूक माझी," मेट्रनबाई म्हणाल्या. "पेशंटना आपण कसे वाटतो हे मोजायला निघाले होते मी, आणि तुमची शर्यत लावून बसले. पुढच्या वेळी नावं नसतील. सगळ्या वॉर्डाचा मिळून एकच आकडा. पण माझ्या चुकीने तुझी चूक धुऊन निघत नाही. काकांकडे जाऊन ये."

थोरल्या सिस्टर रविवारी गेल्या. दातांच्या एका दवाखान्यामागे काकांची छोटी खोली होती. भिंतीवर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. मेणाच्या पट्ट्या, कानशी, ब्रश. मेण तापवायचा दिवा काकूंनी वरच्या फळीवर, काकांच्या हाताला येणार नाही असा ठेवला होता. काकू स्वतः खिडकीशी बसून एका कवळीच्या कडेवरून बोट फिरवत होत्या.

सिस्टरांना बघून काकूंनी तोंड फिरवलं. काका मात्र म्हणाले, "या, बसा. घाबरू नका, हे सगळे जबडे बिनआवाजाचे आहेत."

माफीचे शब्द बोलून झाले. त्या शब्दांनी बोटं परत येत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. मग थोरल्या सिस्टरांनी मनातलं एकदाचं विचारून टाकलं. "काका, खरं सांगा. माझं काम चांगलं नव्हतं का? टोचा एकच, औषध अचूक, वेळेवर. तरी त्या प्रश्नावलीत मला दोन पूर्णांक चारच?"

काकांनी फळीवरचा एक प्लास्टरचा जबडा बँडेज बांधलेल्या हाताने जपून उचलला. "हा बघा साचा. माणसाच्या जबड्याचं तंतोतंत माप. यावर मी कवळी बसवतो, अगदी चपखल बसते. मग ती त्या माणसाच्या तोंडात जाते आणि तो म्हणतो, टोचतंय. आता साचा म्हणतो बरोबर आहे, माणूस म्हणतो टोचतंय. खरं कोणाचं?"

सिस्टरांनी साचा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"तरुणपणी मी भांडायचो हो! म्हणायचो, माप बरोबर आहे, तुम्हालाच सवय नाही. एका आजींना असंच सुनावलं होतं. बिचाऱ्या गप्प बसल्या. सहा महिने कवळी डब्यात ठेवून नुसतं पातळ पीत राहिल्या. वाळून काडी झाल्या. मला वाईट वाटू नये म्हणून तक्रार केली नाही! त्यांच्या सुनेने येऊन सांगितलं तेव्हा मला कळलं. त्या दिवसापासून मी कवळी दिली की म्हणतो, कुठे टोचतंय ते सांगा. टोचतंय का, असं नाही विचारत. कुठे टोचतंय, असं विचारतो. टोचत असणारच, असं धरून चालतो. मग माणूस लाजत नाही, सांगतो."

"आणि मी विचारलं, काही त्रास?" सिस्टर हळूच म्हणाल्या. "पेन 'नाही'वर ठेवून."

"तुमचा हात सोन्याचा आहे, सिस्टर. तो असा सोडू नका. गप्पी सिस्टरांनी मला तीनदा टोचलं, तेव्हा मी तुमचीच आठवण काढत होतो! पण तुमच्या समोर शीर बसलेली नसते. शिरेच्या मागे एक अख्खा माणूस बसलेला असतो, घाबरलेला. त्याला काय टोचतंय ते त्यालाच माहीत. तुमच्या फाईलला नाही."

काकूंनी हातातली कवळी पुढे केली. तोंड अजून फिरवलेलंच होतं, पण आवाज जरा निवला होता. "मी आता यांचं बोट झालेय. कड लागतेय का बघा बरं तुम्ही. तुमच्या बोटांना म्हणे लगेच कळतं."

थोरल्या सिस्टरांनी कडेवरून बोट फिरवलं. एका जागी किंचित खरखर होती. "इथे," त्या म्हणाल्या. काकूंनी काही न बोलता कानस उचलली.

गप्पी वॉर्डात परत आली आणि त्यानंतरचे तीन महिने थोरल्या सिस्टरांनी तिच्याबरोबर काम केलं. मत्सर एका दिवसात जातो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पेशंट गप्पीला बघून खुलले की थोरल्या सिस्टरांच्या पोटात अजूनही बारीकशी कळ यायची. पण आता त्या कळीचं नाव त्यांना माहीत होतं. ती आली की त्या नजर फिरवायच्या नाहीत. उलट जवळ जाऊन ऐकायच्या, ही पोरगी नेमकं करते तरी काय? आणि त्यांच्या ध्यानात आलं की गप्पी फारशा गप्पा मारतच नव्हती! ती एक प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. समोरचा बोलेपर्यंत. बोलायचं सगळं काम पेशंटच करायचा. बदल्यात थोरल्या सिस्टरांनी तिचं बोट धरून तिला लपलेल्या शिरा शोधायला शिकवलं. तिचे तीन टोचे दोनावर आले, मग एकावर. पिवळे कागद फाईलींत परत लागले आणि डोस देण्याआधी ते मोठ्याने वाचायचे, असा नियम झाला.

एका सकाळी पाच नंबरच्या खुर्चीवर एक नवीन बाई आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, ओठ घट्ट मिटलेल्या. पहिलाच डोस. थोरल्या सिस्टरांनी स्टूल ओढलं, बसल्या. पेन खिशातच ठेवलं.

"ताई, सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटतेय?"

बाई गप्प. थोरल्या सिस्टरही गप्प. त्यांच्या तेवीस वर्षांतली ती सगळ्यात लांब मिनिटं होती. हात शिवशिवत होते, पण त्या हलल्या नाहीत.

"हसाल तुम्ही," बाई अखेर म्हणाल्या.

"नाही हसणार."

"माझ्या धाकट्या जावेला हे कळता कामा नये. ती टपूनच बसलीय! मी जरा अंथरूण धरलं की ती माझं स्वयंपाकघर ताब्यात घेईल. आणि मग सगळे म्हणतील, हिच्या हाताला थोरलीपेक्षा चव आहे!"

थोरल्या सिस्टर दिलेला शब्द विसरून खळखळून हसल्या. "अहो ताई, हे दुखणं मला जितकं कळतं ना, तितकं या अख्ख्या रुग्णालयात कोणाला कळणार नाही!"

बाईंनाही हसू फुटलं. खांदे सैल झाले. आणि मग, त्या हसण्याच्या शेवटी, अगदी सहज, त्या म्हणाल्या, "आणखी एक होतं. सांगू की नको वाटत होतं. उलटीची गोळी दिलीय ना, मोठी, ती माझ्या घशाखाली उतरतच नाही. मी ती कागदात गुंडाळून टाकून देते. कालपासून."

थोरल्या सिस्टरांनी आता पेन काढलं. "बरं झालं सांगितलंत. तीच गोळी पातळ औषधात मिळते का, ते आत्ता डॉक्टरांना विचारते." आणि पिवळ्या कागदावर आधी जावेचं लिहिलं, मग गोळीचं.

मंडळी, गोळीची गोष्ट जावेच्या गोष्टीमागे दडलेली होती. जावेचं ऐकायला कोणी थांबलंच नसतं, तर गोळी कचऱ्यातच जात राहिली असती. आजाराचं माप यंत्राने घेता येतं, कामाचं माप आकड्यांनी घेता येतं आणि ते घ्यायलाही हवं. पण ते माप दुसऱ्याच्या नावाशेजारी धरून बघायला लागलो, की समोरचा माणूस आपल्याला दिसेनासा होतो. आपण सिस्टर असू, शिक्षक असू, कचेरीच्या खिडकीमागे बसलेले कारकून असू. आपल्यापेक्षा एखाद्याला एखादी गोष्ट जास्त चांगली जमत असेल, तर जळत बसण्यापेक्षा ती त्याच्याकडून शिकून घ्यावी. आणि समोर बसलेल्या माणसाला विचारावं, कुठे टोचतंय? विचारावं, आणि तो बोलेपर्यंत थांबावं.